डिपर नसलेला दिवा

रात्रीच्या बैलगाडीला कंदील असे, पण तो पुढे नसे. साट्याखाली, दोन चाकांच्या मधोमध तो टांगलेला असे आणि गाडीच्या चालीबरोबर हेलकावत जाई. गाडीवानाला वर डुलकी लागली तरी बिघडत नसे, वाट बैलांच्या पायांना ठाऊक होती. त्या कंदिलाच्या उजेडात चार हातांवरचा खड्डासुद्धा दिसत नसे. त्याचे काम एवढेच की मागून येणाऱ्या टांग्याला, आडवाटेने निघालेल्या वाटसरूला गाडी दिसावी. पुण्यात पुढे कित्येक दशके सायकलला दिवा सक्तीचा होता तोही याच कारणासाठी. आधी तो तेलाचा असे, मग डायनामोचा आला. बिनदिव्याच्या सायकलस्वाराला चौकातला पोलीस अडवणार हे पुणेकर गृहीतच धरून चालत.

आपण दुसऱ्याला दिसावे, ही वाहनाच्या दिव्याची पहिली गरज. पुढची वाट आपल्याला दिसावी, ही दुसरी गरज वेगाने आणली. या दोन गरजांचे भांडण शंभरहून अधिक वर्षे चालू आहे आणि एलईडी लाइटबार हा त्या भांडणातला सगळ्यात नवा पक्षकार आहे.

महामार्गावरच्या कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात आज तो टांगलेला दिसतो. काळ्या ॲल्युमिनियमची लांब पट्टी, पुढे पारदर्शक आवरणाआड ओळीने बसवलेले एलईडी, मागे उष्णता सोडण्यासाठी पन्हाळीसारखी पाती. लांबी वीतभरापासून थेट टपाच्या रुंदीएवढी. थारवाला तो बंपरवर बसवतो, पिकअपवाला टपावर, ट्रॅक्टरवाला छताच्या पुढच्या कडेला. दुकानदाराला विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: यातला जास्त उजेडाचा कोणता? दिव्यांच्या धंद्यातल्या पिढ्यांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. दर वेळी त्यांना शेवटी दुसऱ्या प्रश्नापाशी यावे लागले: हा उजेड पडणार कुठे?

पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच दिवे होते. आत मेणबत्ती किंवा तेलाची वात, बाजूला जाड काच, पितळेची चौकट. ताशी पंधरा-वीस मैलांना ते अपुरे पडू लागले आणि कार्बाइडचा काळ आला.

कॅल्शियम कार्बाइड म्हटले की मराठी माणसाला आंब्याची पेटी आठवते. फळे झटपट पिकवण्यासाठी पुड्या बांधून ठेवतात तीच ही पूड; आज भारतात त्या वापराला बंदी आहे. १८९२ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात थॉमस विल्सन हा संशोधक विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम करण्याच्या खटपटीत होता. हाती आले ते कार्बाइड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो पांढऱ्या, झगझगीत ज्योतीने जळतो. हा वायू एडमंड डेव्हीने १८३६ मध्येच शोधला होता, पण तो स्वस्तात आणि हवा तिथे मिळू लागला तो कार्बाइडमुळे. दिव्याची रचनाही साधी होती. वरच्या खणात पाणी, खालच्या खणात कार्बाइडचे खडे आणि मध्ये एक स्क्रू. स्क्रू सैल केला की थेंबांचा वेग वाढे, वायू वाढे, ज्योत मोठी होई. अंधार पडला की ड्रायव्हरने उतरायचे, पाणी सोडायचे, काडी ओढायची. प्रवासानंतर खालच्या खणातला चुन्याचा राडा खरवडून काढायचा. आपल्याकडे हे कार्बाइडचे दिवे जत्रेत आणि रात्रीच्या बाजारात, फेरीवाल्यांच्या पाट्यांपाशी, मोटारीवरून उतरल्यानंतरही बरीच वर्षे जळत राहिले.

या उजेडावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. जर्मनीतल्या लिपश्टाट गावात १८९९ मध्ये सॅली विंडम्युलर यांनी घोडागाड्यांचे दिवे आणि भोंगे करणारी कंपनी काढली. तिच्या ॲसिटिलीन हेडलाइटला १९०८ मध्ये ‘हेला’ हे नाव मिळाले आणि पुढे कंपनीचेच नाव ते झाले. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी दर रात्री कार्बाइड भरण्याचा उपद्व्याप टाळण्यासाठी ॲसिटिलीन भरलेल्या नळकांड्या विकायला काढल्या. ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ नावाच्या या नळकांड्यांनी दोघांना गडगंज केले, त्यांच्या कारखान्यात स्फोटही झाले, आणि त्याच पैशाच्या बळावर फिशर-ॲलिसनसह चौघांनी १९०९ मध्ये इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतीची धावपट्टी बांधली. १९१७ मध्ये प्रेस्ट-ओ-लाइट युनियन कार्बाइडने विकत घेतली. या कंपनीच्या नावातला कार्बाइड तो हाच, दिव्यातला. भारतात तिने घरोघरी एव्हरेडीच्या बॅटऱ्या आणि विजेऱ्या पोहोचवल्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जे घडले, त्यानंतर ते नाव उजेडासाठी कोणी आठवले नाही.

विजेचा दिवा मोटारीवर यायला उशीर झाला तो दोन कारणांनी. सुरुवातीच्या बल्बमधली तार गाडीच्या हादऱ्याने तुटे, आणि चालत्या गाडीत वीज पुरवणारा, हवापाण्याला टिकणारा छोटा डायनामो तयार व्हायचा होता. १८९८ मध्ये कोलंबिया कंपनीच्या विजेवरच्या गाडीला विजेचे दिवे हवे असल्यास मिळत. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांची पद्धत स्वीकारली. एकाच व्यवस्थेत स्टार्टर, प्रज्वलन आणि दिवे आले. हँडल मारणे आणि काडी ओढणे ही दोन्ही कामे एकदम संपली.

दिवा प्रखर झाला आणि समोरच्याचे डोळे दिपू लागले. तक्रारी लगेच सुरू झाल्या. १९१५ च्या सुमारास खाली झुकणारे दिवे आले, पण ते झुकवण्यासाठी गाडी थांबवून उतरावे लागे. असे कोण उतरणार? १९१७ मध्ये कॅडिलॅकने आतून ओढायचा दांडा दिला. मग १९२४ मध्ये युरोपात दोन तारांचा ‘बायलक्स’ बल्ब आला आणि प्रश्नाचे उत्तर बल्बच्या आतच सापडले. एक तार परावर्तकाच्या केंद्रबिंदूवर, तिचा झोत सरळ दूर जातो. दुसरी तार जराशी पुढे, आणि तिच्याखाली धातूची इवलीशी वाटी. या तारेचा उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. नखाएवढ्या त्या वाटीने पुढच्या शतकात किती अपघात टाळले असतील याचा हिशेब करता येणार नाही. मोटारीतले सगळ्यात समंजस यंत्र कोणते असे विचारले, तर त्या वाटीचे नाव घ्यावे लागेल.

इंग्रजीत ‘डिप’ म्हणजे झुकवणे. दिवा झुकवणारा तो डिपर, असा हा शब्द ट्रक आणि जीपबरोबर आपल्याकडे आला. मराठी कानाला मात्र तो परका वाटलाच नाही. डोळे ‘दिपणे’ हे क्रियापद आपल्या घरात आधीपासून होते. दोन शब्दांचे मूळ वेगळे, एक ‘दीप’च्या कुळातला, दुसरा साहेबाच्या भाषेतला. तरीही समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून डिपर, ही सांगड इतकी नेमकी जुळली की शाळेची पायरी न चढलेल्या ड्रायव्हरलाही तो शब्द कधी समजावून सांगावा लागला नाही. पुढे त्याची भाषाच झाली. डिपर मारला म्हणजे तू आधी निघ. डिपर मारला म्हणजे पुढे पोलीस उभे आहेत. दोनदा मारला म्हणजे तुझा अपर, म्हणजे दूरचा झोत, खाली घे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने व्यापारी वाहनांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली. रात्री डिपर वापरण्याची विनवणी करणारी ओळ मात्र ट्रकांच्या पाठीवर राहिली, आणि ती राहावी.

दुसऱ्या महायुद्धाने दिव्याला उलटा धडा दिला: दिसूच नये. अमेरिकी सैन्याच्या विलीज जीपच्या डाव्या मडगार्डवर एक छोटा झाकलेला दिवा असे, तो चाकापुढची जमीन तेवढी उजळी. त्या जीपचे मोठे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले होते. ते उलटे फिरवले की रात्री इंजिनावर उजेड पडे आणि दुरुस्ती करता येई. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी हीच विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली, आणि तिचे गोल डोळे आजच्या थारपर्यंत टिकले आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईने ब्लॅकआउट पाहिला. खिडक्यांना काळे कागद आणि हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग. युद्ध संपले, रंग राहिला. अनेक शहरांतले वाहतूक पोलीस नंतरही हेडलाइटवर काळी पट्टी असावी असा आग्रह धरत. उद्देश चांगला होता. पण झोताची कड काचेवर रंग फासून आखता येत नाही, ती आत, तारेच्या आणि वाटीच्या जागेवर ठरते. पट्टीने चकाकीबरोबर कामाचा उजेडही कमी होई.

दिव्यांच्या बाबतीत युरोप आणि अमेरिका यांच्या वाटा महायुद्धाच्या सुमारासच वेगळ्या झाल्या. अमेरिकेने १९४० पासून सर्व गाड्यांना एकाच मापाचे, सात इंची गोल, कायमचे बंद केलेले दिवे सक्तीचे केले. बल्ब गेला की अख्खा दिवा बदलायचा. शिस्त आली, पण चार दशकांहून अधिक काळ सुधारणेची दारे जवळपास बंद राहिली. युरोपात प्रयोग चालू राहिले. १९५७ मध्ये तिथे तिरक्या कडेचा डिपर आला. समोरून येणाऱ्याच्या बाजूला झोत खाली, आणि स्वतःच्या कडेच्या बाजूला थोडा वर चढलेला. त्यामुळे पादचारी आणि मैलाचे दगड लांबून दिसू लागले. भारतात आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याची ती चढती कड डावीकडे हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी केलेला हेडलाइट कोणी हौसेने मागवून बसवला, तर ती कड बरोबर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाते. फ्रान्सने तर तीसच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच दिवे लावले. पिवळ्याने डोळ्यांना त्रास कमी होतो असा त्यामागचा विचार होता.

१९६२ मध्ये हॅलोजनचा एच-१ बल्ब आला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४. साध्या बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनचे कण उडून काच काळवंडते. हॅलोजन वायू त्या उडालेल्या कणांना धरून पुन्हा तारेवर आणून सोडतो. त्यामुळे तार जास्त तापवता येते आणि उजेड पांढरा पडतो. अपरला ६० वॅट, डिपरला ५५ वॅट हे एच-४ चे माप. अपरचा उजेड साधारण १६५० ल्युमेन, डिपरचा १०००. आपल्या ट्रकवाल्यांना आणि जीपवाल्यांना तेवढ्याने समाधान झाले नाही. गॅरेजमध्ये ‘नव्वद-शंभरचा बल्ब’ हा परवलीचा शब्द झाला. जाणता वायरमन असला तर तो वेगळी रिले आणि जाड वायर टाकून देई. नसला तर होल्डर वितळे, स्विच करपे आणि परावर्तकाचा मुलामा उडून दिवा पहिल्यापेक्षा मंद होई.

जादा दिव्यांचे खरे वेड रॅलींनी लावले, आणि या गोष्टीत मुंबईचे एक पान आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान पार करत, रात्रंदिवस चालत, आठवड्याभरात त्यांना मुंबई गाठायची होती. तिथून ‘चुसान’ जहाजाने त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि शर्यत अँड्र्यू कोवान यांच्या हिलमन हंटरने जिंकली. अशा शर्यतीत एकच गाडी तीन तऱ्हेचे दिवे घेऊन धावे. लांबच्या सरळ रस्त्यासाठी पेन्सिलीसारखा अरुंद झोत, वळणांसाठी रुंद झोत, धुक्यासाठी बंपरखाली बसवलेला चपटा झोत. आज लाइटबारच्या खोक्यावर स्पॉट, फ्लड, कॉम्बो असे जे शब्द छापलेले असतात, त्यांची वंशावळ ही आहे. कॉम्बो म्हणजे एकाच पट्टीत मधले दिवे अरुंद झोताचे आणि कडेचे रुंद झोताचे.

त्याआधी एक वर्ष, १९६७ मध्ये, मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात हजार मैलांच्या आसपासची वाळवंटी शर्यत सुरू झाली. तिथे रस्ता नावालाच, आणि रात्री शंभर मैल कुठेही दिवा नाही. या शर्यतींनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात जादा दिव्यांचा वेगळा धंदा उभा केला. ॲरिझोनातली केसी हायलाइट्स ही कंपनी १९७० ची. तिच्या दिव्यांवरची हसऱ्या चेहऱ्याची पिवळी झाकणे जगभर ओळखीची झाली. ती झाकणे शोभेपुरती नव्हती. कॅलिफोर्नियाचा कायदा रस्त्याबाहेरच्या वापरासाठी गाडीवर आठपर्यंत दिवे बसवू देतो, पण गाडी सार्वजनिक रस्त्यावर असताना ते बंद हवेत आणि अपारदर्शक झाकणाने झाकलेले हवेत. दिवा ठेवायला हरकत नाही, उघडा ठेवायला आहे. इतका स्पष्ट नियम दिव्यांच्या बाबतीत क्वचितच कोणी केला असेल.

एलईडीची कहाणी सुरू होते १९६२ मध्ये, निक होलोन्याक यांच्या लाल प्रकाशापासून. लाल झाला, हिरवा झाला, पण निळा होईना. आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. जपानचे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वाढवण्याचे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे केले. नाकामुरा तेव्हा निचिया या कंपनीत होते. १९९३ मध्ये तिथून प्रखर निळा एलईडी बाहेर पडला. त्यावर पिवळा फॉस्फर लावला की पांढरा उजेड मिळतो. तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २००७ मध्ये लेक्ससच्या एका गाडीला एलईडीचा डिपर आला, पाठोपाठ ऑडीच्या आर-८ ला सगळेच दिवे एलईडीचे. गाड्यांच्या दिव्यांच्या या जागतिक धंद्यात मराठवाड्याचेही नाव आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हॅरॉक कंपनीने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा दिव्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. दहा वर्षांनी त्यातला युरोप-अमेरिकेतला भाग तिने विकला.

लाइटबार मात्र या मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेतून आला नाही. खाणीतले डंपर, जंगलात लाकूड ओढणारी यंत्रे, रात्री नांगरणारे ट्रॅक्टर यांच्या कामाच्या दिव्यांतून आणि वाळवंटी शर्यतींतून तो वर आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी एलईडीच्या ओळी ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवल्या. चिनी कारखान्यांनी त्यांच्या स्वस्त प्रती काढल्या, आणि काही वर्षांत तो आपल्या हायवेवरच्या दुकानात पोहोचला. या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. तो जिथे जन्मला तिथे समोरून कोणी येत नव्हते, म्हणून त्याला डिपर दिलेलाच नाही. त्यात वाटी नाही, झोताची वरची कड नाही. तो पेटलेला असतो किंवा विझलेला.

निवड करताना हा इतिहास जवळ ठेवला की बरेच प्रश्न सुटतात. खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा एकूण उजेड सांगतो. तो किती लांब जाईल ते कँडेला सांगतो. विहिरीवरच्या पंपाचे पाणी तेवढेच असते, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. पौर्णिमेचे चांदणे साधारण पाव लक्सचे. त्याच्या चौपट, म्हणजे एक लक्स उजेड २५० मीटरवर हवा असेल तर झोत ६२,५०० कँडेलाचा लागतो. तोच ५०० मीटरवर हवा असेल तर अडीच लाखांचा. अंतर दुप्पट, उजेड चौपट. युरोपच्या नियमांत एका गाडीच्या सगळ्या अपर दिव्यांची बेरीज ४,३०,००० कँडेलाच्या वर जाऊ देत नाहीत. तिथे मान्यता मिळालेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर कोरलेले असते. ते अक्षर असलेला बार महाग पडतो, पण त्याचा झोत कोणीतरी मोजलेला असतो.

आणि मुळात किती लांबचे दिसायला हवे? ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ ते ४०. म्हणजे सत्तरेक मीटरवरचे दिसले नाही तर गाडी वेळेत थांबत नाही, आणि डिपरचा कामाचा उजेड साधारण त्याच्या आतच संपतो. या फरकामुळेच माणूस जादा दिवा शोधतो आणि ती गरज खरी आहे. पण ती दोनशे मीटरची गरज आहे, किलोमीटरची नव्हे.

सह्याद्रीच्या घाटात तर स्पॉट बार निरुपयोगीच. वरंधा किंवा आंबोलीच्या वळणावर त्याचा झोत सरळ दरीत जातो आणि वळणाची आतली कड काळोखात राहते. तिथे रुंद झोताचा आखूड बार, तोही बंपरच्या उंचीवर, जास्त कामाचा. टपावरचा बार बॉनेटवर उजेड सांडतो आणि ती चकाकी ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परत येते. पावसाळ्यातल्या धुक्यात तर असा बार लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. पिवळा दिवा धुके भेदतो हा समज म्हणूनच अर्धा खरा आहे. अनेकांना पिवळा उजेड सौम्य वाटतो, पण धुक्यात खरा फायदा दिवा खाली बसवल्याचा आणि झोत आडवा, चपटा ठेवल्याचा.

खोक्यावरचे वॅटही तपासून घ्यावेत. १२ व्होल्टवर १८० वॅटच्या बारने १५ अँपिअर ओढले पाहिजेत. वायरमनच्या क्लॅम्प मीटरवर पाच-सहाच दिसले, तर खोक्यावरचा आकडा खोटा. बार दुकानातच वीस मिनिटे पेटता ठेवायला सांगावा, कारण तापलेला एलईडी मंदावतो. मागची पाती हलकी आणि उथळ असली तर पहिल्या मिनिटाचा झगमगाट विसाव्या मिनिटाला उरत नाही. आयपी ६७ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकतो. कोकणातल्या पावसाला तेवढे हवेच.

आपला कायदा याबाबत संदिग्ध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतला १११ वा नियम पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा, तोही नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने. १०६ वा नियम तर मोजमापच देतो. दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याची, मोटारसायकलवाल्याची डोळ्यांची उंची याच्या आसपासच असते. दिपलेल्या डोळ्यांना सावरायला काही सेकंद लागतात, आणि ताशी ८० ला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर आंधळी धाव. ‘लाल दिव्याची गाडी’ हा रुबाबाचा मराठी वाक्प्रचार १ मे २०१७ रोजी नियमाच्या एका दुरुस्तीने जुना झाला, कारण ते दिवे उतरवले गेले. टपावरचा पांढरा बार आज नेमका त्याच रुबाबासाठी शहरातून पेटता फिरवला जातो, आणि त्यात धोका लाल दिव्यापेक्षा जास्त आहे.

ऊसतोडीच्या हंगामात हे सगळे एकाच रस्त्यावर भेटते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेला, पुढे टपावर बार झगझगतो आहे आणि मागे ट्रॉलीला एक लाल दिवाही नाही. समोरचा दिपलेला, मागचा बेसावध. शेजारून टायरगाडी चालली आहे, बैलांच्या पायांना वाट ठाऊक आहे, आणि साट्याखालच्या कंदिलाची जागा आता तिच्या पाठीमागे डकवलेल्या लाल परावर्तक पट्टीने घेतली आहे. ती पट्टी काही रुपयांची असते. ज्याने हजारो रुपयांचा बार घेतला, त्याने ट्रॉलीच्या मागे चार पट्ट्या आधी लावाव्यात.

आणि शेतावर, डोंगरात, खडकाळ वाटेवर खरोखरच बार लागत असेल तर तो जरूर घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर येताना त्यावर झाकण चढवावे. बसवताना वायरमनला एवढे आवर्जून सांगावे: बारची रिले हेडलाइटच्या अपरच्या वायरवरून घे. म्हणजे झाकण राहून गेले आणि समोरून कोणी आले, तर डिपर दाबताच अपरबरोबर बारही विझेल. या कामाला एक रिले, एक फ्यूज आणि दोन-तीन मीटर वायर लागते.